आपण कोण, तमिळ की मराठी?

घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, अशा वातावरणात वाढणारे मूल शाळेत जाऊ लागले की एक दिवस विचारते, “आई, आपण कोण?” तमिळनाडूतील कुंभकोणमच्या मेलकावेरीसारख्या वस्तीत मराठी घरातल्या मुलाला हा प्रश्न पडला तर नवल नाही. घरी तंजावरी मराठी, शाळेत नि गल्लीत तमिळ!

व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५मध्ये राज्य खालसा झाले, पण मराठी घराणी तेथेच राहिली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. तीन शतकांत त्यांच्या बोलीत तमिळ मिसळली. कित्येकांना देवनागरी वाचता येत नाही. ते मराठी शब्दही तमिळ लिपीत लिहितात.

तीन-चार वर्षांचे मूल आपली ओळख मोठ्यांकडून ऐकून सांगते. तिचा अर्थ त्याला हळूहळू कळतो. मात्र कोणत्या ओळखीला मान आहे, हे ते फार लवकर हेरते. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या नि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुलीच ‘चांगली’ म्हणून निवडली.

तंजावरी मुलांच्या वाट्याला तसा वर्णद्वेष येत नाही, पण हसू येते. महाराष्ट्रातले पाहुणे सहज म्हणतात, “हे कसलं गं तुमचं मराठी!” मोठी माणसे ते हसण्यावारी नेतात; मूल मात्र पुढच्या वेळी तमिळमध्ये उत्तर देते. घरातली भाषा अशीच, कोणी बंदी न घालता, गप्प होते.

म्हणून मुलाला ‘तमिळ की मराठी’ या पेचात टाकू नये. “आपण घरी मराठी बोलतो, बाहेर तमिळ, दोन्ही आपल्याच,” एवढे उत्तर त्याला पुरते. पाहुण्यांसमोर मराठी बोलून दाखवण्याची सक्ती नको. आजीच्या गोष्टी, नात्यांची नावे, सणाचे पदार्थ यांतून ती आपोआप रुजते. तंजावरला गेल्यावर बृहदीश्वर मंदिरातला १८०३चा शिलालेख त्याला जरूर दाखवावा. चोळांनी बांधलेल्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरलेला आहे. एकाच आवारात दोन्ही नांदतात, हे मुलाला डोळ्यांनी दिसेल.

आणि महाराष्ट्रातल्या नातलगांनी? त्या बोलीतली चूक काढण्याआधी तिच्यातला एखादा शब्द त्या मुलाकडून शिकून घ्यावा.