रिकामी तक्रारपेटी

परवा लोणीजवळच्या एका शाळेत गेले होते. तक्रारपेटी दाखवत सर म्हणाले, ‘‘ताई, वर्षभरात एकही चिठ्ठी नाही!’’ मला मात्र धस्स झालं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. एवढ्याशा मुली चिठ्ठी कुठून लिहिणार? घरी बोलल्या, म्हणून कळलं.

सखी सावित्री समित्यांचा सरकारी आदेश २०२२चा. बदलापूरनंतर सीसीटीव्हीही सक्तीचे झाले. पण मैत्रिणींनो, तक्रारी शून्य म्हणजे गुन्हे शून्य, असं नसतं. तक्रारी वाढल्या, तर कधी मुलांचा विश्वास वाढलेला असतो. म्हणून शाळेत विचारा, समितीची बैठक कधी झाली? पेटी कोण उघडतं? आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता लेकराचंही नीट ऐकून घ्या.