हेड घासण्याआधी सिरिंज आणा

गेल्या मे महिन्यात बाबा चिपळूणहून कराडला निघाले होते. कुंभार्ली घाट अर्धा चढून झाला आणि इंजिनातून टकटक सुरू झाली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. दोन वळणांनंतर गाडी बंद. बासष्ट वर्षांच्या माणसाने भर उन्हात ती ढकलत एका झाडाची सावली गाठली आणि मला पुण्यात फोन केला, "तू बांधून घेतलेलं इंजिन बसलं रे."

चूक गॅरेजवाल्याची होती, पण आधी माझी. बाबांची १५० सीसीची जुनी गाडी इंजिनकामाला उघडली, तेव्हा मीच म्हणालो होतो, "हेड थोडं घासा, पिकअप वाढतो म्हणे." तो म्हणाला, "एक एमएम काढू." तो एक एमएम कुठून आला हे मी विचारलं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री खिशात असताना!

आता हिशेब बघा. बोअर ५७.३ मिमी, स्ट्रोक ५७.८ मिमी, म्हणजे पिस्टन एका फेरीत १४९ सीसी जागा व्यापतो. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो ९.१. म्हणजे पिस्टन वर टेकल्यावर उरते १८.४ सीसी. हेडवरून एक मिमी घासला की त्यातले साधारण २.६ सीसी गेले, उरले १५.८. नवा रेशो १०.४. एका मिलिमीटरमध्ये इंजिनाची जातच बदलली.

आणि मिळालं काय? पुस्तकातल्या ऑटो सायकलच्या सूत्रात दोन्ही आकडे घाला. कार्यक्षमता ५८.७ वरून ६०.८ टक्के होते. म्हणजे कागदावरसुद्धा फायदा जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. एवढ्यासाठी आम्ही पिस्टन घालवला. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या माथ्याची कड वाळवीने खाल्ल्यासारखी झाली होती आणि वरची रिंग तुटली होती.

कारण साधं आहे. मिश्रण जितकं दाबाल तितकं ते तापतं. स्पार्कने पेटलेली ज्योत कोपऱ्यात पोचण्याआधीच तिथलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, की ती टकटक होते. पेट्रोल या आपोआप भडकण्याला किती दाद देत नाही, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. त्यात ताकद मोजलेली नसते. म्हणून जुन्या साध्या गाडीत महागडं पेट्रोल ओतून 'पळते बघ' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. टकटक होतच नसेल, तर जास्तीचा ऑक्टेन नुसता जळून जातो.

पुढचा घोळ रील्सचा. अमेरिकन मेकॅनिक म्हणतो, "या रेशोला ९३ चालतं." आपण म्हणायचो, आपलं ९१ आहे, दोनचाच तर फरक! पण तिथल्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपला आकडा नुसता रॉन. त्यांचं ९३ आपल्या मापात साधारण ९८ भरतं. आपलं ते ९१ म्हणजे जवळपास त्यांचं ८७, तिथलं सगळ्यात साधं पेट्रोल. किलो आणि पौंडात एवढी गल्लत आपण भाजी घेताना करणार नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: नव्या गाड्या अकरा-बारा रेशोवर चालतात की! चालतात. त्यांच्यात पाण्याचं कूलिंग असतं, इंजेक्शन असतं, स्पार्कची वेळ क्षणोक्षणी ठरवणारा कॉम्प्युटर असतो. बाबांच्या गाडीत वारा आणि कार्ब्युरेटर आहे. दुसरं: आता इथेनॉल आलं, ऑक्टेन वाढला. हेही खरं. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि घाटात इंजिन अजून तापतं. ऑक्टेनचा फायदा घ्यायचा तर जेट आणि टायमिंगही बघा. एकच आकडा उचलून नाचू नका.

आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय." गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर ट्रायल घेऊन 'मस्त झाली' म्हणणं हे तेच वाक्य. इंजिनाची खरी परीक्षा मे महिन्यात, चढावर, डबलसीट होते. रेशो त्या दिवसासाठी ठरवायचा.

आणि मोजणं अवघड नाही. मेडिकलमधून एक सिरिंज आणा. पिस्टन वर टेकवून हेड बसवा, स्पार्क प्लगचं भोक वर येईल असं इंजिन तिरकं करा आणि भोकाच्या आट्यांपर्यंत पातळ तेल भरा. किती सीसी गेलं ते लिहा, एक भागाकार करा. अर्धा तास लागतो. दुसऱ्यांदा आम्ही तेच केलं. बॅरलखाली जाड पॅकिंग घातलं, नवा पिस्टन टाकला, मोजलं. रेशो ९.२ आला. बाबा त्यानंतर तीनदा तोच घाट चढून आलेत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "एक एमएम काढू" म्हणालं, की एवढंच विचारा: मग रेशो किती होईल, आणि कुठल्या पेट्रोलवर? उत्तर आलं नाही, तर हेड पिशवीत घाला आणि घरी घेऊन या.