तळघरातली हवा



कोकणातून, मुंबईतून अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांची घरे बऱ्याचदा शहराबाहेरच्या उपनगरांत असतात आणि त्यांतल्या अनेक घरांना तळघर असते. थंडीत सारे घर तिथेच जमते. गालिचा अंथरून नमाज होते, मुलांचा कुरआनचा सबक चालतो, मुलुखातून आलेल्या अम्मी-अब्बांचा पलंगही तिथेच पडतो. या महिन्यात त्या तळघरातल्या हवेबद्दल लिहायचे आहे.

रेडॉन हा वायू जमिनीतल्या युरेनियमपासून आपोआप तयार होत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्यावर तो विरून जातो, पण तळघराच्या फरशीतल्या भेगांतून आत शिरला आणि घर बंद असले की साचतो. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि खालून जमिनीतली हवा ओढून घेते. म्हणजे खिडक्या लावून बसायच्या दिवसांतच तो जास्त. वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसे यामुळे दगावतात. सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कितीतरी अधिक.

हे लोकांच्या लक्षात आले ते १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर अणुवीज प्रकल्पावर कामाला जात. किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राची घंटा त्यांच्यामुळे वाजू लागली, आणि प्रकल्पात तर अजून वीजही तयार होत नव्हती! शेवटी त्यांचे घर तपासले. लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. आज ४ वर आकडा गेला की दुरुस्ती करा म्हणतात. शेजारच्या घरात मात्र तसे काही नव्हते.

म्हणून 'शेजाऱ्यांकडे काही निघाले नाही' हे उत्तर आम्हाला पटत नाही. अल्लाहवर भरवसा आहेच, पण उंट बांधायचे काम आपले. टेस्टची डबी दुकानात स्वस्तात मिळते. राहत्या घराच्या सर्वांत खालच्या खोलीत, जमिनीपासून दोन फूट उंच ठेवावी, स्वयंपाकघर-न्हाणीघरात नको. आधीचे बारा तास आणि टेस्ट संपेपर्यंत खिडक्या बंद. येण्याजाण्यासाठी दार उघडले-मिटले तर चालते. मुदत संपताच डबी लॅबला पाठवावी; पडून राहिली की टेस्ट वाया. आकडा ४ किंवा वर आला तर घाबरून घर विकायला काढू नये, आधी पुन्हा एक टेस्ट करावी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याहून कडक, २.७ च्या आसपास आहे, त्यामुळे ३ आला तरी आम्ही तो सोडून देणार नाही.

इलाजही फार अवघड नाही. फरशीखालून पाइप काढून पंख्याने ती हवा छपरावर सोडतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तळघरात भाड्याने राहणाऱ्या मुलांनी मालकाला सांगावे, संकोच करू नये.

चार-सहा महिन्यांसाठी गेलेल्या अम्मी-अब्बांनी फार चिंता करू नये. प्रश्न तिथे वाढणाऱ्या नातवंडांचा आहे. आपल्याकडे कोकणात घरांना सहसा तळघर नसते, खिडक्याही उघड्या, म्हणून हे कुणी सहज सुचवत नाही. फोनवर खुशाली विचारताना एवढे विचारा, "टेस्ट केली का?" आणि पंखा बसवला असेल तर दर दोन वर्षांनी पुन्हा करायला सांगा.