खसऱ्यावर नाव आपले, माती मात्र नाल्यात!

31 मे 2025 रोजी देवी अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षे झाली. हारतुरे झाले, भाषणे झाली. मातोश्रींनी बांधलेल्या विहिरी आणि घाट आपल्याला तोंडपाठ आहेत. आता एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. इंदूर, देवास, उज्जैनच्या आसपास आपल्या ज्या वडिलोपार्जित जमिनी उरल्या आहेत, त्यांत पाणी अडवण्यासाठी आपण काय केले?

बहुतेक घरांत उत्तर एकच : जमीन ठेक्याने दिली आहे! दरवर्षी जो जास्त पैसे देईल त्याला. पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तिच्यात बांध कशाला घालील? तो उताराच्या दिशेनेच सोयाबीन पेरतो, बांध मोडून दोन तास वाढवतो आणि आषाढातल्या एका सरीत आपली काळी माती नाल्याला लागते. दोष त्याचा नाही, आपला आहे.

पूर्वी माळव्यात पुष्कळ शेते पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर गहू घेत. सोयाबीन आले, मग गव्हासाठी बोअर आले, बोअर खोल गेले. 1990 मध्ये देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. इंदूर तर 1978 पासून नर्मदेच्या पाण्यावर जगते आहे.

त्याच देवास जिल्ह्यात 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्यायला सांगितले. शेतकऱ्यांनी ऐकले, स्वतःचे पैसे घातले आणि हजारो तळी झाली. हिशेब सोपा आहे : एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. माळव्यात वर्षाला सुमारे 90 ते 100 सेंटिमीटर पडतो. मोजा!

“बटाईदार कब्जा करील” ही आपली जुनी ढाल. पण 2016 च्या मध्यप्रदेशच्या कायद्याने भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांनाही संरक्षण दिले आहे आणि 5 वर्षांपर्यंतचा लेखी करार करता येतो. मग तोंडी, एकसाली व्यवहार कशासाठी?

तेव्हा या उन्हाळ्यात इतके तरी करा. 5 वर्षांचा लेखी करार करा. उताराला आडवी पेरणी करण्याची अट त्यात घाला आणि त्या बदल्यात ठेक्याची रक्कम थोडी कमी करा. मोडलेले बांध स्वखर्चाने घाला, त्यांवर गवत लावा. ओघळीत दगडांचे छोटे बंधारे रचा. सखल कोपऱ्यात तळे खोदा.

एवढेही जमत नसेल, तर पुढच्या जयंतीला राजवाड्यासमोर हार घेऊन उभे राहण्याचा अधिकार आपल्याला उरतो का, याचा विचार ज्याने त्याने करावा.