उसनी भीती

नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका उद्योजकाला त्याच्याच घरातल्या खोलीत कित्येक तास ‘डिजिटल अटके’त ठेवले गेले. दाराला कुलूप नव्हते, बाहेर पहारा नव्हता. समोरच्या पडद्यावर फक्त काही माणसे होती आणि ती स्वतःला दूरसंचार नियामक प्राधिकरण, मुंबई सायबर पोलीस व सीबीआय यांचे अधिकारी म्हणवत होती. खबर लागताच भोपाळचे सायबर पोलीस त्या खोलीत पोहोचले, त्यांनी पडद्यावरच्या तोतयांकडे ओळखपत्र मागितले आणि पलीकडून संपर्क तुटला. या तत्परतेचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण शिकलासवरलेला, व्यवहार जाणणारा माणूस उघड्या दाराच्या खोलीत बसून का राहतो, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला. ‘भोळा असेल’ असे म्हणून तो निकालात निघत नाही. अशा जाळ्यात देशभरात डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी सापडले आहेत.

धमकावणाऱ्याकडे स्वतःचे बळ बहुधा फार थोडे असते. समाजात आधीच साठून राहिलेली भीती तो उसनी घेतो आणि तिच्यावर आपला धंदा चालवतो. तोतया पोलिसाने उसनी घेतलेली भीती खऱ्या पोलिसांची असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घरातच शिकवले जाते आणि ठाण्याची पायरी तर त्याहून वाईट मानली जाते. अपघातात जखमी झालेल्याला उचलावे की नाही, याचा विचार करताना साध्या माणसाला आठवतात ते पुढचे हेलपाटे. आपण निर्दोष आहोत, हे त्याला ठाऊक असते. पण ते सिद्ध होईपर्यंत आपले काय होईल, याची खात्री त्याला नसते. ‘तुमच्या आधार क्रमांकावर कोणीतरी खाते उघडले आहे, तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे’ असे कोणी दरडावून सांगितले की ते खरे असू शकेल असे त्याला वाटते, कारण निरपराध माणूस प्रकरणात अडकल्याच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या असतात. वर ‘कोणाला सांगू नका’ ही ताकीद असते. तिथेच धमकीचे अर्धे काम होते. एकटा पडलेला माणूस स्वतःचा विचार धमकावणाऱ्याच्या डोक्याने करू लागतो.

याच शहरात दुसरी एक भीती याहून क्रूर रीतीने वापरली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पिपलानी भागातील एका घरातल्या पाच जणांनी मृत्यू जवळ केला. त्यांच्यामागे खासगी सावकारांचा तगादा होता. जुलै २०२३ मध्ये रातीबड भागातील चौघांचे एक कुटुंब असेच संपले, त्यात दोन लहान मुले होती. तिथे ऑनलाइन फसवणूक होती, वाढत गेलेले कर्ज होते आणि ओळखीच्या लोकांत बदनामी करण्याच्या धमक्या होत्या. या प्रकरणांत उसनी घेतलेली भीती होती ती अब्रूची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, कचेरीतल्या सहकाऱ्यांची. कर्जदाराच्या फोनमधले संपर्क आणि छायाचित्रे हेच वसुली करणाऱ्या टोळ्यांचे हत्यार असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्ज देणाऱ्यांना फोनमधले संपर्क व छायाचित्रे वापरण्यास मनाई केली. नोंदणीकृत संस्थांना तो नियम बांधतो, बेनामी ॲपला तो बांधत नाही. आणि संकटात सापडलेल्या शेजाऱ्याकडे आपण कसे पाहायचे, याचा नियम कोणतीही बँक काढू शकत नाही. कर्ज बुडवलेल्याच्या घरी जाणे आपण टाळतो, त्याच्या मुलांच्या लग्नाच्या चर्चेत तो विषय काढतो. त्या टोळीला लागणारे भांडवल आपणच पुरवत असतो.

मराठी मुलखाला हा व्यवहार नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख बव्हंशी कागदांवर होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सावकार गावात आधीही होता. पण इंग्रजी दिवाणी न्यायालयांनी त्याच्या हाती नवे बळ दिले. न वाचता अंगठा उठवलेला रोखा, कुळाच्या गैरहजेरीत मिळालेला एकतर्फी हुकूमनामा, त्यामागून येणारी जप्ती आणि कैद. सावकाराची धमकी कोर्टाच्या जोरावर उभी होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने उपाय केला तो न्यायालयाच्या वागण्यावर. रोख्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासण्याची जबाबदारी कोर्टावर आली आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. सावकारी त्याने संपली नाही. पण धमकीचा जोर कुठून येतो, हे त्या कायद्याने अचूक हेरले होते.

आज सांगितला जाणारा उपाय जागृतीचा आहे. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये डिजिटल अटकेबद्दल सावध केले. १९३० हा मदत क्रमांक आहे, फोनवर सूचनाही वाजवल्या गेल्या. हे सारे आवश्यक आहे. विशेषतः मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आणि निवृत्त आई-वडील भोपाळात, अशा अनेक घरांत ही माहिती आवर्जून पोहोचली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक म्हणजे प्रत्यक्ष ताबा, ती पडद्यावरून होऊच शकत नाही. कलम १७९ नुसार साठीपुढच्या व्यक्तीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचे असते. पण कायदा माहीत असूनही माणूस घाबरतो, कारण पुस्तकातला कायदा आणि ठाण्यातला कायदा यांत अंतर असते, असे त्याने पाहिलेले असते. जागृतीने हे अंतर भरत नाही.

पोलिसांचा धाक गेला तर गुन्हेगार मोकाट सुटतील, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कायद्याला जरब हवीच. पण आजच्या धाकाची वाटणी उलटी झाली आहे. सराईत गुंडाला ठाणे परके नसते. वकील, जामीन, तारखा यांचे गणित त्याला पाठ असते. धाक वाटतो तो ज्याने आयुष्यात गुन्हा केला नाही अशा माणसाला, आणि नेमका तोच तक्रार द्यायला कचरतो. गुन्हेगाराला खरी जरब बसते ती आपला बळी सरळ पोलिसांकडे जाईल या शक्यतेने. नागरिकाचा धाक जितका वाढेल तितकी ही शक्यता कमी होते.

ही शक्यता वाढवायची तर धमकीची तक्रार घेऊन आलेल्याचे ठाण्यात काय होते, ते पाहावे लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकावणे हा गुन्हा आहे. जिवे मारण्याची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात तो अदखलपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. मध्य प्रदेशात अशा तक्रारीची ‘अदम चेक’ म्हणून नोंद होते आणि कागद हाती देऊन माणसाला घरी पाठवले जाते. धमकावणाऱ्याला ही पद्धत चांगली ठाऊक असते. पैशासाठी धमकी असेल तर खंडणीचे दखलपात्र कलम ३०८ लावता येते. ते लावायचे की नाही, हे समोर बसलेल्या अंमलदाराच्या मनावर असते. पोलीस बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी याच राज्यात पुरावा आहे. मध्य प्रदेशातील १८० ठाण्यांत ‘ऊर्जा’ महिला मदत कक्षांचा शास्त्रशुद्ध प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. जिथे कक्ष उघडले, प्रशिक्षण दिले, कार्यपद्धती ठरवून दिली, तिथे महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. प्रथम माहिती अहवालांतली वाढ प्रामुख्याने महिला अधिकारी असलेल्या कक्षांत दिसली. पोलीस दल तेच होते. तक्रारदार कोणासमोर बसतो आणि त्याचे पुढे काय व्हायचे, हे बदलले होते.

भोपाळमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि त्यामुळे पोलिसांचे अधिकार वाढले आहेत. त्या अधिकारांच्या तोलाचे उत्तरदायित्वही त्यांनी दाखवावे. सावकारी, कर्ज-ॲप आणि धमक्यांच्या तक्रारींसाठी प्रत्येक ठाण्यात ‘ऊर्जा’च्या धर्तीवर कक्ष असावा. तक्रारदाराचे नाव शेजारी-पाजारी फुटणार नाही, अशी व्यवस्था असावी. अशा किती तक्रारी आल्या, किती अदम चेकवर थांबल्या, किती गुन्हे नोंदले गेले आणि किती दोषारोपपत्रे दाखल झाली, याचा ठाणेवार तपशील आयुक्तालयाने दरमहा जाहीर करावा. पिपलानी आणि रातीबड ठाण्यांपासून याची सुरुवात व्हावी.