आल्ची, ‘वेळ उरल्यास’

उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांची लडाखची पत्रकं येऊ लागतात. या आठवड्यात हाती पडलेल्या एका पत्रकात लेह ते लामायुरू असा एका दिवसाचा प्रवास आखला आहे. त्यात ‘मॅग्नेटिक हिल’ ठळक टायपात, शेजारी मोटारीचं चित्र. आणि आल्चीपुढे दोनच शब्द: ‘वेळ उरल्यास’. आजचा मजकूर त्या दोन शब्दांमुळे आहे.

रस्ता मात्र देशातल्या फार सुंदर रस्त्यांपैकी एक. श्रीनगर-लेह महामार्गाचा हा तुकडा खाल्त्सेपर्यंत साधारण १०० किलोमीटर सिंधूची सोबत करतो, कधी काठाने, कधी वरच्या पठारावरून. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, त्यामुळे डोंगर उघडेबोडके. जिथे ओढ्याचं पाणी पाटाने आणलंय तिथेच सातूची शेतं आणि जर्दाळूची झाडं. लेह ३,५०० मीटरवर, खाल्त्से सुमारे ३,००० मीटरवर. नदीबरोबर माणूस खाली उतरत जातो, श्वासाला बरं वाटतं. लेहला पोचल्यावर आधी पुरेशी विश्रांती घ्यावी आणि मग पहिली सहल या वाटेने करावी. ५,३०० मीटरच्या वर असलेल्या खारदुंग ला खिंडीची घाई ज्येष्ठांनी तरी करू नये.

आता ती चुंबकीय टेकडी. लेहपासून तीसेक किलोमीटरवर, रस्त्यावर आखलेल्या चौकोनात गाडी उभी करायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ती आपोआप चढावर चालू लागली असं बघायचं. डोंगरात चुंबक नाही. आजूबाजूच्या उतारांमुळे खरं क्षितिज झाकलं जातं आणि डोळ्यांना चढ वाटणारा रस्ता प्रत्यक्षात हलक्या उताराचा असतो. लहान मुलांना हे समजावून सांगण्यासारखं आहे, त्यासाठी दहा मिनिटं जरूर द्यावीत. पण गाड्यांची रांग लागते, प्रत्येकाला आपल्या गाडीचा व्हिडिओ हवा असतो, आणि बघता बघता तास जातो. तो तास दिवसातून कुठून तरी कापला जातोच.

निम्मूजवळ झंस्कार सिंधूला मिळते. उन्हाळ्यात झंस्कार गाळाने मातकट, सिंधू हिरवट. दोन्ही रंग थोडं अंतर एकमेकांना लागून वाहताना वरच्या रस्त्यावरून स्पष्ट दिसतात. इथे सगळेच थांबतात, ते योग्यच. त्यापुढच्या बास्गोला मात्र बस क्वचितच वळते. मातीच्या सुळक्यांवरच्या या किल्ल्याने सतराव्या शतकात तीन वर्षांचा वेढा सोसला. तिथली मैत्रेयाची मंदिरं ढासळत होती. गावकऱ्यांनी समिती स्थापून ती सावरली आणि २००७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला.

आणि मग सासपोलजवळ पूल ओलांडून आल्ची. लडाखचे बहुतेक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, टेकडीवर असतात, लांबून खुणावतात. आल्ची नदीकाठच्या सपाटीवर, शेतांच्या आणि घरांच्या मागे आहे. महामार्गावरून ते नजरेत भरत नाही, म्हणून ते चुकलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. पुलाच्या परिसरातल्या काळ्याशार खडकांवर शिंगं वळवलेल्या रानबकऱ्यांची प्राचीन कोरीव चित्रं आहेत. त्यांतले काही खडक बांधकामांत नष्ट झाले, ही खेदाची गोष्ट.

इथलं सुमत्सेक हे माती-लाकडाचं तीन मजली मंदिर. बाहेरून ते साधंच दिसतं. ठेंगण्या दारातून वाकून आत गेलं की तीन कोनाड्यांत तीन अजस्र बोधिसत्त्व उभे, इतके उंच की त्यांची डोकी वरच्या मजल्यात गेली आहेत. खालून नीट दिसतं ते त्यांचं धोतर, आणि बघायचं असतं तेही धोतरच! मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र रंगवलंय, मंजुश्रीच्या धोतरावर सिद्धपुरुष. डावीकडच्या अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आहेत, राजवाडे आहेत, घोडेस्वार आहेत.

ही चित्रं काश्मिरी कलावंतांच्या हातची, साधारण बाराव्या-तेराव्या शतकांतली. ज्या काश्मीरमधून हे चित्रकार आले तिथली त्या काळातली देवळं बहुतांशी उरलेली नाहीत. भित्तिचित्रं तर जवळजवळ नाहीतच. म्हणजे त्या काळच्या काश्मीरच्या रंगांचा आणि शिखरांचा पुरावा शोधायचा तर लडाखमधल्या एका खेड्यात, एका मूर्तीच्या धोतराशी उकिडवं बसावं लागतं. अजिंठा अभिमानाने दाखवणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आणि तरी ‘वेळ उरल्यास’?

वेळ आल्चीकडेही फार नाही. मंदिरांची सपाट मातीची छपरं जवळजवळ पाऊसच न पडणाऱ्या मुलखासाठी बांधलेली आहेत. जोराचा पाऊस आला की पाणी झिरपतं आणि मातीचे ओघळ चित्रांवरून उतरतात. भिंतींवर त्याच्या खुणा आहेत. लडाखात तसा पाऊस येतच नाही, असं २०१० च्या ऑगस्टनंतर कुणी म्हणू शकत नाही. त्या ढगफुटीत लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली. आल्ची हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, लिकिर मठाचे भिक्षू त्याची देखभाल करतात. पण बघणाऱ्यांना मोल कळलं तर जपणुकीचा आग्रहही वाढेल.

पुढे लामायुरूला जा, तिथली पिवळी माती म्हणजे आटलेल्या सरोवराचा गाळ आहे, तीही बघा. पण पैसे भरण्याआधी कंपनीकडून आल्चीचे दोन तास लिहून घ्या. आत फोटो काढू देत नाहीत, उजेडही कमी असतो. डोळे सरावेपर्यंत थांबा आणि सुरुवात डावीकडच्या मूर्तीपासून करा.