बर्फाच्या वहीतली शिशाची नोंद

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही आकडा समोर आला, की तो आधी विचारतो, ‘याचे व्हाउचर कुठे आहे?’ नोकरी संपली, कादंबऱ्या लिहू लागलो, पण ही खोड काही सुटली नाही. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये एक बातमी वाचताना माझा चहा निवून गेला. रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात तिथल्या हवेत इतके शिसे होते, की लोकांचा बुद्ध्यंक सरासरी अडीच-तीन अंकांनी घटला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज त्यात होता. दोन हजार वर्षांपूर्वीची हवा कोणी बाटलीत भरून ठेवली होती? व्हाउचर कुठे आहे?

व्हाउचर होते. ते उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात होते.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम सहसा वितळत नाही. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, खालचा दबतो आणि हळूहळू त्याचा घट्ट बर्फ होतो. शास्त्रज्ञ त्यात पोकळ यंत्राने भोक पाडून बर्फाची गोल कांब बाहेर काढतात. तिला ‘आइस कोअर’ म्हणतात. अंटार्क्टिकात ‘डोम सी’ येथे युरोपीय देशांनी काढलेली कांब आठ लाख वर्षे मागे जाते. जानेवारी २०२५ मध्ये तिथून जवळच २,८०० मीटर खोल जाऊन किमान बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ वर आणण्यात आला.

गंमत अशी, की या कांबीत पाण्याइतकेच मोल त्यातल्या मळाला आहे. धूळ वाढली, तर कुठेतरी काळ कोरडा होता. काजळी आणि अमोनियम वाढले, तर वणवे पेटले होते. गंधकाचे आम्ल सापडले, तर ज्वालामुखी फुटला होता. इंडोनेशियातला तांबोरा १८१५ मध्ये फुटला, त्याची खूण दोन्ही ध्रुवांवर आहे. त्याच्या जरा खाली १८०९ च्या सुमाराचा तसाच एक थर आहे. पण तो ज्वालामुखी कोणता, हे अजून ठरलेले नाही. आमच्या भाषेत सांगायचे, तर ही रक्कम सस्पेन्स खात्यात पडून आहे. अशी खाती कधी कधी फार उशिरा सुटतात. १२५७ च्या सुमाराच्या मोठ्या थराचा धनी, लोंबोक बेटावरचा समालास, २०१३ मध्ये सापडला.

शिशाच्या नोंदीची गोष्ट मात्र एका माणसाच्या चिकाटीची आहे. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. हे मोजताना त्यांना एकच त्रास होता. जिथे पाहावे तिथे शिसे! भांड्यांवर, धुळीत, अगदी अंगावरच्या कपड्यांतही. प्रयोगशाळा घासूनपुसून लख्ख केली, हवा गाळून घेतली, तेव्हा कुठे हिशेब जमला. मग त्यांनी विचारले, हे जादा शिसे आले कुठून? मोठा संशय पेट्रोलवर होता. इंजिनाने ठोके मारू नयेत म्हणून १९२० च्या दशकापासून त्यात शिशाचे संयुग मिसळत असत. उद्योगाच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत, शिसे निसर्गात असतेच, काळजीचे कारण नाही. पॅटरसन यांनी १९६५ मध्ये याविरुद्ध लिहिले, आणि तेलउद्योगाकडून मिळणारा त्यांचा संशोधन-निधी थांबला.

ते थांबले नाहीत. ग्रीनलंडच्या बर्फातले नमुने, हाताचाही मळ लागू न देता, त्यांच्या चमूने तपासले. १९६९ मध्ये निकाल छापला. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा १९६५ च्या हिमात शिसे सुमारे दोनशे पट होते, आणि १९४० नंतरची चढण सर्वांत उभी होती. ‘निसर्गात असतेच’ म्हणून जो ओपनिंग बॅलन्स दाखवला जात होता, तोच खोटा ठरला.

पुढे १९९४ मध्ये ग्रीक-रोमन काळाचे शिसेही बर्फात सापडले. रोमनांची चांदी बरीचशी शिशाच्या खनिजातून निघे. भट्ट्यांतून उडालेले शिसे वाऱ्यावर ग्रीनलंडपर्यंत जाई. चांदी म्हणजे नाणी, आणि नाणी म्हणजे व्यापार. म्हणून २०१८ मध्ये या शिशाचा बारकाईने काढलेला आलेख प्रसिद्ध झाला, तेव्हा तो मला एखाद्या टांकसाळीच्या रोजकीर्दीसारखा वाटला. सुबत्तेत शिसे चढते, यादवीत उतरते. इसवी सन १६५ मध्ये साम्राज्यात मोठी साथ पसरली, तेव्हा ते कोसळले आणि पुढची पाचशे वर्षे त्या उंचीवर आले नाही. आल्प्स पर्वतातल्या एका कांबीत तर १३४९ ते १३५३ या प्लेगच्या वर्षांत शिसे जवळजवळ नाहीसेच झालेले दिसते. खाणीत उतरायला माणसे उरली नव्हती.

इथे मी थबकलो. म्हणजे जुन्या काळात हवा स्वच्छ झाली ती माणसे मेल्यामुळे. मग १९७० नंतरचे पान उलटले. तिथेही शिसे उतरलेले आहे. १९६० च्या दशकाअखेरपासून पुढच्या वीसेक वर्षांत ग्रीनलंडच्या हिमात ते सुमारे साडेसात पटींनी घटले. पण या वेळी ना साथ होती, ना राज्य बुडाले होते. मोटारी उलट वाढल्याच होत्या. पेट्रोलमधले शिसे कायद्याने कमी केले गेले, एवढेच. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने शेवटचा साठा संपवल्यावर जगातून मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल गेले. शहाणपणाने केलेली एवढी ठळक जमेची नोंद मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता माझ्या सहीविषयी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी कर्जाचे टेबल सांभाळत होतो. स्कूटर, रिक्षा, जीप यांची किती प्रकरणे मंजूर केली, याची गणती नाही. त्या रिक्षांनी कितीतरी घरे उभी केली, त्याचा मला आजही आनंद आहे. त्यांचे शिसे ग्रीनलंडला गेले, असे मी म्हणत नाही. बरेचसे रस्त्याकडेच्या मातीतच बसले असणार. शाखेसमोर रिक्षास्टँड होता आणि त्याला लागून बालवाडी. मुले त्याच मातीत बसून खेळायची. अर्जात जामीनदाराचा रकाना होता, मार्जिनचा होता. त्या मातीचा नव्हता. ती मुले आज चाळिशीच्या आसपास असतील. त्यांचे काही बिघडले की नाही, हे सांगणारी कांब कुठल्याही बर्फात नाही.

आपल्या भूमीची नोंदही बर्फाने ठेवली आहे. तिबेटमध्ये दासुओपू हिमनदीवरून, ७,२०० मीटर उंचीवर, १९९७ मध्ये काढलेल्या कांबीत १७९० ते १७९६ या वर्षांत धूळ आणि क्लोराइड वाढलेले दिसते. ही मोसमी पाऊस हुकल्याची खूण. त्याच काळात, १७९१-९२ मध्ये, दख्खनपासून मारवाडपर्यंत तो भीषण दुष्काळ पडला, ज्याला इतिहासात कवट्यांचा दुष्काळ म्हणतात. आणि गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर अंगाला घामाच्या धारा, आत उणे वीस अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकाच्या कांबी!

पण ही वहीच आता भिजते आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्रां कोंबँ पर्वतावर २०१८ मध्ये काढलेल्या कांबीत नोंदी वाचता येत होत्या. २०२० मध्ये पुन्हा भोक पाडले, तर मधल्या वितळणीच्या पाण्याने बऱ्याच नोंदी धुऊन नेल्या होत्या. ध्रुवांवरची जाड पाने अजून शाबूत आहेत, पर्वतांवरची मात्र चालली.

आणि शिशाचे खातेही बंद झालेले नाही. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर आहे, आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी भारतातली आहेत. आता ते पेट्रोलमधून येत नाही. उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, काही रंग, रंग उजळावा म्हणून हळदीत मिसळले जाणारे लेड क्रोमेट, ही आजची दारे. यातले पुष्कळसे शिसे ध्रुवापर्यंत पोहोचणारही नाही, ते गल्लीतच राहील. म्हणजे ते बर्फाकडून कळण्याची वाट पाहून उपयोग नाही. मुलांच्या रक्ताची तपासणी आणि मातीची तपासणी, हेच आपले ऑडिट.

परवा नातीला शाळेत सोडायला गेलो होतो. शाळेच्या भिंतीला लागून एक जण जुन्या बॅटऱ्या फोडत बसला होता. जवळच त्याचा लहान मुलगा खेळत होता. मी विचारले, “अरे, हे काम इथे कशाला?” तो म्हणाला, “काका, दुसरी जागा कुठंय?” मला उत्तर देता आले नाही. शाळेच्या पुढच्या पालकसभेत मी हा विषय काढणार आहे. आणि त्याला हाकलायचे नाही, जागा मिळवून द्यायची, हेही सांगणार आहे. तोही एक बाप आहे आणि तो मुलगा नातीच्याच वयाचा आहे.